खरबुजाचा भोपळा

फळ्यावरचा शब्द डच बाईंनी मोठ्यानं वाचला आणि मी खुर्चीतून जवळजवळ उठलेच. गप्प बसायची सवय हाडात मुरलेली बाई मी, ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा कुणी नाव घेऊन विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. पण त्या सकाळी मी डच, इंग्रजी आणि मराठी एकत्र कालवून सांगायला लागले, की हा शब्द आमचा आहे, आमच्या घरी होता, लहानपणी मी तो साखर घालून खाल्लेला आहे.

शनिवारी सकाळी ॲमस्टरडॅममधल्या बुइटनव्हेल्डर्टच्या आमच्या समाजकेंद्रात डच बोलण्याचा वर्ग भरतो. वर्ग म्हणजे एक लांब टेबल, कॉफीचा थर्मास, एक निवृत्त डच बाई आणि इथे राहूनही डच न बोलणारी आम्ही सात-आठ माणसं. त्यांत सगळ्यांत निर्लज्ज मी. या देशात वीसेक वर्षं काढली, पण बँकेच्या आयटीत दिवसभर इंग्रजी, घरी मराठी, आणि डच फक्त डॉक्टरकडे वेळ घेण्यापुरतं. माझ्या शेजारी बसते ती युक्रेनची. तिकडे शाळेत गणित शिकवायची, युद्ध सुरू झाल्यावर आईला घेऊन इथे आली. आम्ही दोघी मोडक्या डचमध्ये एकमेकींशी इतक्या बोलतो, की एकदा बाई म्हणाल्या होत्या, तुमची एक तिसरीच भाषा तयार होतेय, ती मला कोण शिकवणार?

त्या दिवशी बाईंनी एक वाक्प्रचार शिकवला. एखाद्यानं कुणाला मागणी घातली आणि समोरून नकार आला, तर डच लोक म्हणतात, तो 'ब्लाउचे' चालून आला. शब्दशः घेतलं तर एक छोटंसं निळं चालून आला. निळंच का, हे बाईंनाही धड सांगता येईना. मग त्यांनी विचारलं, तुमच्या भाषांत काय म्हणतात?

युक्रेनवाली लगेच म्हणाली, आमच्याकडे मुलगी त्याच्या हातात हार्बूझ देते. हार्बूझ म्हणजे काय, ते डचमध्ये तिला आठवेना. तिनं फळ्यावर एक गोल काढला, त्यावर देठापासून बुडापर्यंत फुगीर रेघा मारल्या आणि खाली आपला शब्द रोमन लिपीत लिहिला, पहिलं अक्षर ग, तिकडचा ह ती तसाच लिहिते. बाईंनी तो वाचला. आता डच लोकांचा ग हा ग नसतोच, घसा खरवडून काढलेला ख असतो. त्यामुळे बाईंच्या तोंडून आलं, "खार्बूस."

मी उडाले ती इथे. खरबूज! तिच्या तोंडून 'हार्बूझ' ऐकताना मला काहीही कळलं नव्हतं. एका डच घशानं, काही ठाऊक नसताना, तो ख परत जागेवर बसवला होता. मी विचारलं, फळ ना? गोड? मेलून? ती हसत हो हो म्हणाली. सगळेच हसत होते, त्या गोंगाटात तिनं कशाला हो म्हटलं हे मी विचारलं नाही. शब्दानं मला वेड लावलं होतं.

माझी पाळी आली तेव्हा मी नारळाचं सांगितलं. आमच्याकडे कुणाला नोकरीवरून काढलं किंवा वाटेला लावलं, की त्याच्या हातात नारळ दिला म्हणतात. वर्ग खूश. एकाकडे खरबूज, एकाकडे नारळ, फळं देऊन माणसं घालवणारे दोन देश. पण लग्नाच्या बाबतीत आम्ही नारळही देत नाही, हे मी सांगितलं नाही. लग्नाच्या बाबतीत आम्ही म्हणतो, पत्रिका जुळत नाही. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी आलेली कितीतरी स्थळं अशी परत पाठवली, आणि त्यांतली पत्रिकांची निम्मी पाकिटं उघडलेलीही नव्हती. कुणी दुखावलं जात नाही. दोष सगळा ग्रहांचा.

हे मी वर्गात सांगितलं नाही, कारण ते माझ्या फार जवळ आलं होतं. आता सांगते. इतके महिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

डेल्फ्टला राहणारा एक माणूस माझ्या उत्तराची वाट पाहत होता. माझ्या नवऱ्याचा मित्र. लिहिताना त्याला तो म्हणतेय, समोर आमचं अहो-जाहो चालतं. नवरा गेला तेव्हा हॉस्पिटलपासून नगरपालिकेच्या कागदांपर्यंत सगळं यानंच केलं. त्याचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झालेली. तो मला वहिनी म्हणायचा. या वसंतात कधीतरी त्यानं वहिनी म्हणणं थांबवलं. दुसरं काही म्हणायला लागला असंही नाही, नुसतीच ती जागा रिकामी ठेवून बोलायचा. "येताय का?" "अहो, चहा घेणार?" एखाद्या बाईला हे कळायला वेळ लागत नाही. मला कळलं होतं आणि मी कळलं नाही असं दाखवत होते. जूनमध्ये कालव्याकाठी चालताना त्यानं सरळ विचारलं. एकत्र राहू या, लग्न करून किंवा न करता, तुम्हाला बरं वाटेल तसं. उत्तराची घाई नाही, असंही म्हणाला.

घाई नाही, हे त्याचं औदार्य मी चांगलंच वापरून घेतलं. तो उन्हाळाभर येत राहिला. माझ्या सायकलची चेन बदलून दिली, बाल्कनीतली जाळी लावून दिली, आणि मी पोहे करून घालत राहिले. सप्टेंबरात त्याला नायमेखनला नोकरी आली. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत, त्याला हवी होती तशी. तिथे जायचं तर डेल्फ्टचं घर सोडायला लागणार, माझ्यापासून दीड-दोन तास लांब जायला लागणार. ऑक्टोबरअखेर त्यांना कळवायचं होतं. तो म्हणाला, तुमचं कळलं की ठरवतो.

माझं तर जूनमध्येच ठरलं होतं. नाही. ते मला सांगता येत नव्हतं, कारण कारण द्यावं लागलं असतं, आणि माझ्याकडचं खरं कारण मी स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोललेले नव्हते. लोकांना वाटतं मी नवऱ्याच्या आठवणीत जगते. हॉलमध्ये त्याचा फोटो आहे, मी त्याला ताजी फुलं ठेवते, आणि कुणी पुढे बोलायला लागलं की माझी नजर आपोआप त्या फोटोकडे जाते. समोरचा लगेच गप्प होतो. एवढी सोपी सोय मी कशाला सोडू? माझी मुलगी इथेच वाढलेली, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत. तिच्याकडे एकदा अर्धवट बोलले तर म्हणाली, "जस्ट टेल हिम, आई." जणू पिझ्झाची ऑर्डर रद्द करायची आहे.

तर असं सगळं मनात असताना तो शब्द आला. त्या शनिवारी घरी येऊन मी जेवले नाही. कोश उघडून बसले, एकातून दुसऱ्यात. मूळ फारसी, खरबुजा. त्यातलं खर म्हणजे गाढव, आणि फारसीत एखादी गोष्ट आडमाप मोठी असेल तर तिच्या नावापुढे गाढव लावायची पद्धत आहे, म्हणून खरबुजा म्हणजे दांडगी काकडी, असं काही जण म्हणतात. काही जणांना ते पटत नाही. मला पटलं. संस्कृतातही खर म्हणजे गाढवच की! मग तो शब्द दोन वाटांनी निघाला. एक वाट आमच्याकडे आली, खरबूज होऊन पुण्याच्या मंडईत बसली. दुसरी तुर्कांच्या तोंडी गेली, तिकडे त्याचं कार्पूझ झालं, आणि फळही बदललं, कार्पूझ म्हणजे कलिंगड. तिथून गवताळ मैदानं ओलांडत तो रशियनांकडे गेला तो कलिंगड म्हणूनच, आणि युक्रेनमध्ये हार्बूझ. तिथलं हार्बूझ म्हणजे काय ते मी पाहिलंच नाही. पाहायचं काय त्यात, खरबूजच असणार! माणसाला जे हवं असतं ते सापडलं, की तिथेच तो कोश मिटतो.

आणि मला जे हवं होतं ते मिळालं होतं. कारण न देता नाही म्हणायची एक रीत, जिच्यात तोंड उघडावंच लागत नाही. वस्तू हातात द्यायची आणि उभं राहायचं.

मी एक खरबूज विकत घेतलं. ऑक्टोबरात इथे जे मिळतं ते, जाळीदार सालीचं, दूरवरून आलेलं, वास नसलेलं. आणि ते नेण्याआधी रीत नीट समजून घ्यावी म्हणून युक्रेनवालीच्या घरी गेले. टेबलावर पिशवीतून काढून ठेवलं आणि विचारलं, हे उजव्या हातानं द्यायचं की दोन्ही हातांनी?

ती बघत राहिली. "हे काय आहे?"

"हार्बूझ," मी म्हटलं.

ती अशी हसायला लागली, की आतल्या खोलीतून तिची आई बाहेर आली. तिनं आईला युक्रेनीत काहीतरी सांगितलं, मग दोघीही हसायला लागल्या. आईनं ते खरबूज उचललं, हुंगलं आणि खाली ठेवलं. हे तर दीन्या, गोड मेलून, मैत्रीण डोळे पुसत म्हणाली. हे दिलंस तर तो म्हणेल, वा, कापू या. हार्बूझ म्हणजे ते, तिनं खिडकीतून खाली बोट केलं. समोरच्या घराच्या पायरीवर कुणीतरी सजावटीला मांडलेले भोपळे होते. केशरी, फुगीर रेघांचे. हुबेहूब तिनं फळ्यावर काढलेला गोल.

म्हणजे शब्द निघाला होता खरबूज म्हणून आणि तिच्याकडे पोचेपर्यंत भोपळा झाला होता! मी खाली बसले. अमेरिकेतून एक नवं फळ आलं असणार, त्याला नाव नव्हतं, आणि हा शब्द तिथे मोकळा फिरत होता, त्याला पकडून बसवलं. मला इतका आनंद झाला, की आपली चूक झाली हे लक्षातच आलं नाही. मग तिनं चहा केला आणि रीत सांगितली. मुलाकडचे लोक मागणी घालायला यायचे. मुलगी राजी असेल तर भरतकाम केलेले लांब पंचे आणून त्यांच्या अंगावर बांधायची. नसेल तर भोपळा. बोलायचं काही नाही. कारण विचारायचं नाही. तिच्या आजीनं आजोबांच्या आधी आलेल्या एकाला असा दिला होता, आणि तो बिचारा गावभर लोकांच्या देखत भोपळा काखेत घेऊन घरी गेला.

"तुला कुणाला द्यायचाय?" तिनं शेवटी विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. आमच्या त्या तिसऱ्या भाषेत. कदाचित म्हणूनच सांगता आलं, त्या भाषेत अजून कुणी माझ्याबद्दल काही बोललेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी डेल्फ्टला गेले. भोपळा चांगला मोठा, ॲमस्टेल नदीच्या काठावर एका शेतघराच्या फाटकापाशी विकायला मांडून ठेवलेले असतात त्यांतला. आगगाडीत तो मांडीवर धरून बसले होते. समोरची एक डच आजी त्याच्याकडे बघून म्हणाली, सूप? मी म्हटलं, नाही. आणि मग मला वाटलं, म्हणता येतंय की.

त्यानं दार उघडलं. आधी माझ्याकडे पाहिलं, मग भोपळ्याकडे, आणि त्याचा चेहरा उजळला.

"मला भोपळा? कुठल्या विषयात नापास झालो?"

मी उंबऱ्यातच थिजले. फारसी झाली, तुर्की झाली, युक्रेनी झाली, सगळ्या भाषा पालथ्या घातल्या, आणि मराठीच विसरले होते. आमच्याकडे भोपळा म्हणजे परीक्षेतलं शून्य. त्यानं विनोद केला होता आणि तो नेमका खरा होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं. तो तर भोपळा हातात घेऊन वजन बघत आत गेलासुद्धा. घारगे होतील म्हणाला, गूळ आहे घरात, आई काय सुंदर करायची.

मी दिला होता नकार आणि त्याला मिळाले होते घारगे. मुकाट्यानं द्यायची वस्तू ज्या गावात सगळ्यांना कळते तिथेच चालते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चहा झाला. मी बोलायला लागले. पण बोलले काय, तर शब्दाचा सगळा प्रवास. गाढव, दांडगी काकडी, तुर्कांचं कलिंगड, डच बाईंचा घसा, माझं जाळीदार खरबूज, दोघी मायलेकींचं हसणं. मी हातवारे करून सांगत होते. तो ऐकत होता, मध्येच हसत होता. इतकं सलग मी त्याच्यासमोर कधी बोलले नव्हते. आणि मग रीत सांगितली. पंचे आणि भोपळा. तो हसायचा थांबला. ओट्यावर ठेवलेल्या भोपळ्याकडे त्यानं वळून पाहिलं.

"मग हा मला कुठल्या भाषेत दिलात?"

"युक्रेनीत."

त्यानं कप खाली ठेवला. "मराठीत सांगा," म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "माझं उत्तर नाही असं आहे."

त्यानं मान हलवली. मग हलक्या आवाजात विचारलं, "त्याच्यामुळे?"

माझ्यासाठी त्यानं दार उघडून धरलं होतं. हो म्हटलं असतं तर संपलं असतं. त्याला वाईट वाटलं असतं पण मानही राहिला असता, माझाही आणि त्याचाही. न उघडलेलं पत्रिकेचं पाकीट. मी फोटोकडे बघायचं म्हणून मान वळवलीसुद्धा, पण हे त्याचं घर होतं, तिथे माझ्या नवऱ्याचा फोटो नव्हता. भिंतीवर नुसतं घड्याळ.

"त्याच्यामुळे नाही," मी म्हटलं. "मला एकटं राहायला आवडतं. तो गेल्यावर रडले, खरंच रडले. पण मग एके दिवशी संध्याकाळी घरी आले, दार लावलं, आणि आता कुणी येणार नाही याचा मला आनंद झाला. तेव्हापासून तो होतोच आहे. रोज. तुमचा काही दोष नाही. लोकांना मी फोटो दाखवते, कारण हे असं सांगता येत नाही."

एवढी मोठी गोष्ट, आणि ती बोलताना मला लाज वाटायच्या ऐवजी छातीत कसली तरी उसळी येत होती. शब्द सापडल्यावर आली होती तशीच.

त्याला मात्र ते तसं वाटायचं कारण नव्हतं. तो उठला, कप विसळला, परत येऊन बसला नाही.

"आणि हे तुम्हाला जूनमध्ये माहीत होतं?"

"हो."

"मी तुमची चेन बदलत होतो तेव्हा?"

"तेव्हाही."

"पत्रिका जुळत नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं मला."

"तुम्ही पत्रिका मागवून घेतली असतीत. तपासायला."

त्याला हसायचं नव्हतं, पण आलं. मग ते थांबलं. तो म्हणाला, की नकाराचं काही नाही, या वयात माणूस तयारीनंच विचारतो. पण चार महिने मी घरात दोन माणसांच्या हिशेबानं बघत होतो, सोफा कुठे जाईल, तुमच्या कुंड्या कुठे. ते तुम्ही मला करू दिलंत. मी माफी मागितली. ती त्यानं ऐकली, ठीक आहे म्हणाला नाही. तेच बरोबर होतं.

मी निघते म्हटलं. तो म्हणाला, थांबा. सुरी काढली, भोपळा पाटावर घेतला आणि त्याची जाड साल पाहून सुस्काराच टाकला. मधोमध सुरी घालून वरून तळहातानं ठोकत त्यानं तो कापला. बराच वेळ लागला. मी मदत करायला पुढे झाले नाही. एक अर्धा त्यानं स्वतःकडे ठेवला, दुसरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून पिशवीत घातला आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"एकट्याला एवढा संपत नाही," तो म्हणाला. "तुम्हालाही एकटीला अर्धाच लागेल." आणि मग पहिल्यांदाच त्यानं मला नुसत्या नावानं हाक मारली. वहिनी नाही, रिकामी जागाही नाही. "नीट जा," म्हणाला.

नायमेखनला त्यानं होकार कळवला. तो तिथे गेला, आणि मी त्याला सामान बांधायला मदत करू का असं विचारलं तेव्हा त्यानं नको म्हटलं. स्पष्ट, मराठीत.

मी माझ्या अर्ध्याचे घारगे केले. पुढच्या शनिवारी डबा भरून वर्गात नेले. मैत्रिणीला मी सगळं आधीच सांगितलं होतं, आणि तिनं सांगितलं होतं, की भोपळा मिळालेल्या माणसानं तो अर्धा करून परत दिल्याचं तिनं जन्मात ऐकलेलं नाही, तिच्या आईनंही नाही. तुम्ही लोक नकारसुद्धा वाटून खाता, असं ती म्हणाली.

बाईंनी घारगा तोंडात टाकला आणि विचारलं, याला काय म्हणतात? मी उठून फळ्यावर लिहिलं, रोमन लिपीत, ग घालून. बाईंनी चावता चावता मोठ्यानं वाचलं, "खार्खे." मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. जाऊ दे त्याला त्याच्या वाटेनं.

मैत्रिणीनं दुसरा घारगा उचलला, माझ्याकडे वाकली आणि हळूच विचारलं, "हा कुणाच्या अर्ध्यातला?"

"माझ्या," मी म्हटलं.